चौथ्या टेबलावरचा स्नायू

मायक्रॉनकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते फारसं कधी बाहेर पडलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की डाव्या हाताला जी अरुंद खोली लागते, तिथे ते एकतीस वर्षं स्लाइड्स बनवत होते. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. काका मांसाचे पाच मायक्रॉन जाडीचे काप काढत. या मापाने माणसाचा केस म्हणजे ओंडकाच. विद्यार्थ्यांच्या कुठल्या तरी जुन्या तुकडीने त्यांना हे नाव दिलं, पुढच्यांनी ते चालवलं, आणि काकांनाही ते मनातून आवडत असावं, कारण कुणी तशी हाक मारली की ते ओरडायचे पण ओ आधी द्यायचे.

नोकरी लागली तीही कापण्यावरच. वय बावीस, शिक्षण अर्धवट, वडील घड्याळं दुरुस्त करणारे. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी मुलाखतीत काही विचारलंच नाही. एक कच्चा बटाटा आणि एक वस्तरा पुढे सरकवला. यांनी चकती काढली, ती टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि तिच्यातून मथळा वाचून दाखवला. तीन महिन्यांसाठी म्हणून घेतलं होतं. ते तीन महिने अजून संपले नव्हते.

काम चिकाटीचं. नखाएवढा तुकडा घ्यायचा, औषधात मुरवायचा म्हणजे तो सडत नाही, मग अल्कोहोलच्या बरण्यांतून फिरवून त्यातलं पाणी काढायचं आणि वितळलेल्या मेणात बसवून त्याची वडी करायची. ती वडी कापायच्या यंत्रात लावून दांडा फिरवला की एकाला एक चिकटलेले काप रिबिनीसारखे बाहेर येतात. ती रिबीन कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेच्या पट्टीवर अलगद झेलायची, आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत बुडवायची. या सगळ्यात कुणी शिंकलं तर काका त्याच्याशी दोन दिवस बोलत नसत.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, शर्ट, परकर, उशांचे अभ्रे, येईल ते. कापण्याच्या बाबतीत त्या नवऱ्याला मोजतच नसत. "तुमचं काय, कापलेलं दिसतच नाही, मग वाकडं कापलंत तरी कोण बघणार?" असं त्या म्हणायच्या. घरात पाव कापायची काकांना मनाई होती. ते कापायला बसले की न्याहारी थेट दुपारच्या जेवणाला जाऊन मिळायची. शिवाय काका चार पायऱ्या चढले की धापा टाकत, त्यावरही काकूंचं ठरलेलं असे: "जन्मभर स्नायू बघितले, वापरले मात्र नाहीत."

स्नायूंवर मात्र काकांचा जीव. मूत्रपिंड, यकृत, त्वचा सगळं ते करत, पण स्नायूंची पेटी खिडकीजवळच्या कपाटात वेगळी ठेवलेली. शिकवण्याचा त्यांना अधिकार नव्हता. पण विभागप्रमुख मॅडम वर्ग सोडून चहाला गेल्या की काका फडकं घेऊन सूक्ष्मदर्शकं पुसायला आत शिरत, आणि पुसता पुसता त्यांचं सुरू होई.

"हा पट्टकी. हाडांना धरलेला. लांबच लांब तंतू, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि केंद्रकं बघ कशी कडेला, भाड्याच्या खोलीत सामान भिंतीला लावतात तशी. हा तुमचं ऐकतो. ऊठ म्हटलं की उठतो. पण दमतोही लवकर. आता हा अपट्टकी. आतड्यात, रक्तवाहिन्यांत. पेशी दोन्ही टोकांना निमुळत्या, मधे फुगीर, केंद्रक पोटात एकच. पट्टे नाहीत. हा तुम्हाला काही विचारत नाही, कुठली घाई नाही, आपला सावकाश जेवण पुढे ढकलत बसतो."

मग ते तिसऱ्या सूक्ष्मदर्शकाशी जात आणि आवाज थोडा खाली येई. "आणि हा हृदयाचा. पट्टे यालाही आहेत, पण फिकट. केंद्रक मधोमध. मुख्य खूण म्हणजे याला फांद्या फुटतात. एक तंतू शेजारच्याला जाऊन मिळतो, आणि जिथे मिळतो तिथे ही गडद रेघ. त्या रेघेतून निरोप पलीकडे जातो, म्हणून सगळे एका दमात आकसतात. तुम्ही झोपा, परीक्षा द्या, नापास व्हा. हा थांबत नाही."

विद्यार्थी मान डोलवत. वहीत उतरवून मात्र वेगळंच घेत. पट्टकी स्नायूची जी स्लाइड दरवर्षी परीक्षेला लागायची, तिचा उजवा कोपरा फार वर्षांपूर्वी टवका उडून गेला होता. मोठ्या वर्गातली मुलं धाकट्यांना सांगून जात: कोपरा तुटलेली दिसली की डोळे मिटून 'पट्टकी' लिही. यकृताच्या स्लाइडवर शाईचा डाग होता, जिभेच्या स्लाइडवर बुडबुडा. अख्खा अभ्यासक्रम असा डागांवर आणि टवक्यांवर पाठ झालेला. काकांना हे कळलं तेव्हा ते आठवडाभर धुमसत होते. "हे उद्या डॉक्टर होणार," ते काकूंना म्हणाले, "आणि रोगी चपलेवरून ओळखणार."

त्या वर्षीच्या सुट्टीत त्यांनी विडाच उचलला. खाटकाकडे जाऊन त्यांनी बकऱ्याच्या हृदयाचा आणि मांडीचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि बोटभर आतडं मागितलं. खाटकाने विचारलं, घरी माणसं किती? काका म्हणाले, एकशे वीस. खाटीक बराच वेळ त्या पुडीकडे बघत राहिला. महिनाभरात स्नायूंची सगळी पेटी नवी झाली. कोपरे शाबूत, काचा लख्ख, कुठे डाग नाही. ती टवका उडालेली जुनी स्लाइड काकांनी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली.

पुढे परीक्षेच्या पंधरवडा आधी पेटीतून काढताना नव्या स्लाइड्सपैकी एक कपाटाच्या कडीला आपटली आणि तिचा कोपरा गेला. ती हृदयाची होती. आतला काप शाबूत होता, म्हणून काकांनी ती टाकली नाही. चांगला काप टाकणं त्यांच्या हातून होत नसे.

परीक्षा म्हणजे वीस टेबलं, वीस सूक्ष्मदर्शकं. प्रत्येकाखाली एक स्लाइड. मुलांनी पाहायचं, ओळखायचं, कारणं लिहायची, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. आदल्या दिवशी काकांनी नावाच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या, नाहीतर मुलं काचेऐवजी चिठ्ठीच वाचतील. मॅडमनी यादी दिली होती: चौथ्या टेबलावर पट्टकी स्नायू. सकाळी नवव्या टेबलाचा दिवा गेला, तो बदलेपर्यंत बाहेरगावचे परीक्षक वेळेआधीच हजर झाले, आणि या गडबडीत काकांनी चौथ्या टेबलासाठी पेटीत हात घातला. हाताला टवका लागला. वीस वर्षांची सवय. हाताने ती स्लाइड उचलली, लावली, आणि काकांना विचारलंसुद्धा नाही.

मॅडमनी प्रत्येक टेबलावर डोकावून पाहिलं. चौथ्यावर गुलाबी रंग दिसला, पट्टे दिसले, त्यांनी मान हलवली. परीक्षकांनी मॅडमनी मान हलवलेली पाहिली आणि चहा घेतला.

मुलं आली. चौथं टेबल त्या दिवशी सगळ्यांत सुखाचं ठरलं. काहींनी डोळा लावण्याचेही कष्ट घेतले नाहीत. नव्या पेटीमुळे धास्तावलेल्या पोरांना निदान एक ओळखीचा चेहरा दिसला होता. फक्त एक मुलगी तिथे अडकली. वर्गात तिला सगळे गोगलगाय म्हणत, कारण ती कुठल्याही टेबलावरून घंटेआधी हलत नसे आणि घंटेनंतरही ढकलल्याशिवाय हलत नसे. मागचा मुलगा खाकरला. तिने शेवटच्या क्षणी काहीतरी खोडून काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली.

आठवड्याने उत्तरपत्रिका बघायला मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गोगलगाय काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, चौथ्या टेबलाची स्लाइड बघायला मिळेल का?"

"का? मार्क गेला?"

"एक गेला. पण त्यासाठी नाही आले. मी काय चुकीचं पाहिलं ते मला कळत नाहीये. मी हृदय स्नायू लिहिलं होतं."

काकांना तिची दया आली. मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं, कारण मॅडम आसपास नव्हत्या आणि समोर आयती विद्यार्थिनी होती. त्यांनी परीक्षेची पेटी काढली, चार नंबरची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"हे बघ, पट्टे दोघांनाही असतात, इथेच सगळे फसतात. पण पट्टकीत केंद्रकं कडेला. तंतू सरळ, एकमेकांत मिसळत नाहीत. फांद्या तर अजिबात नाहीत. आता इथे बघ, हा तंतू किती सरळ…"

तंतू सरळ नव्हता. तो थोडा पुढे गेला, दुभंगला आणि शेजारच्याला जाऊन मिळाला. मिळाला तिथे गडद रेघ होती. केंद्रक मधोमध, ऐसपैस. काकांनी स्लाइड सरकवून दुसरा भाग पाहिला, मग तिसरा. सगळीकडे तेच. काप मात्र सुरेख होता. अशा वेळीही त्यांच्या मनात ते येऊन गेलं.

"काका?"

"हं."

"फांद्या आहेत ना?"

काकांनी डोळा काढला नाही. काढला असता तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. मॅडमची खोली समोरच, पंधरा पावलांवर होती. उठावं आणि जाऊन सांगावं, इतकंच करायचं होतं. पण सांगितलं की हलतो असं ज्याच्याबद्दल ते एकतीस वर्षं सांगत आले होते, तो पायांतला स्नायू काही केल्या हलेना.

"उद्या ये," ते म्हणाले. "मला नीट बघावं लागेल."

गोगलगाय बराच वेळ थांबली, कारण ती तशीच होती, आणि मग गेली.

संध्याकाळी काकू पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा शर्ट बेतत बसल्या होत्या. काका आले, चप्पल काढायची विसरून आतपर्यंत आले, आणि खुर्चीत बसून त्या कापडाकडेच बघत राहिले.

"काय झालं? कुणी शिंकलं का?"

"काही नाही."

"काही नाही तर चप्पल घालून देवासारखे का बसलाय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टवका, यादी, नववा दिवा, ती मुलगी. काकूंनी कात्री खाली ठेवली नाही, पण कापणं थांबवलं.

"म्हणजे मुलांना नावं ठेवायचात तेच तुम्ही केलंत."

"हात गेला गं सवयीने."

"हाताचं सोडा. लावल्यावर काचेतून बघितलं होतं का?"

बघितलं नव्हतं. वीस स्लाइड्सपैकी एकोणीस त्यांनी तपासल्या होत्या. चौथी तपासायची गरजच वाटली नव्हती. ती तर पाठ होती.

"मॅडमनी पण बघितलं होतं," ते थोड्या वेळाने म्हणाले. "त्यांनाही कळलं नाही."

"मग उद्या जाऊन त्यांना तसंच सांगणार का?"

"नाही."

"तिला काय सांगणार?"

"नीट बघतो म्हणालो."

"बघितलंत ना? मग अजून काय बघायचं राहिलंय?" काकूंनी कापड फिरवून पट्टे जुळवले आणि पुन्हा कात्री चालवली. "मी एकदा एकाच शर्टाला दोन उजव्या बाह्या लावल्या होत्या. गिऱ्हाईक घालून बघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. उसवल्या आणि पुन्हा लावल्या. काही मेले नाही मी."

"मला नाही कधी सांगितलंस."

"कापण्यावरून मी तुमची एवढी चेष्टा करते, मग सांगून कसं चाललं असतं?"

दुसऱ्या दिवशी काका पंधरा पावलं चालत गेले. हातात स्लाइड होती, ती त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. सांगताना दिवा गेल्याची गोष्ट त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, पण त्यांनी ती गिळली. मॅडमनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावली. फार वेळ पाहिलं.

"या टेबलावर मी स्वतः डोकावले होते," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"मी काय बघितलं?"

"पट्टे दिसले असतील."

"पट्टे दिसले," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. "पट्टे बघितले आणि पुढे गेले. वर्गात मी यासाठी मुलांना बाहेर काढते."

त्यांनी परीक्षकांना फोन लावला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा बदलत गेला आणि शेवटी त्या चक्क हसल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "सर म्हणतायत, तुम्ही निदान चुकीचं तरी बघितलंत, मी बघितलंच नव्हतं."

उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. एकशे वीसपैकी चौघांनी हृदय स्नायू लिहिलं होतं. त्यांतल्या दोघांची कारणं वाचल्यावर कळलं की त्यांनी मटक्याचा आकडा लावल्यासारखं लिहिलंय, आणि एकाने शेजारच्याचं चुकीचं वाचलंय. फांद्या, मधलं केंद्रक आणि गडद रेघ एवढं सगळं फक्त एकीच्या पानावर होतं, थोडं खोडलेलं, थोडं घाईत.

ठरलं असं की चौघांचे मार्क द्यायचे आणि बाकीच्यांची चौथ्या टेबलापुरती परीक्षा शनिवारी पुन्हा घ्यायची. वर्गात कुरकुर झाली. एका मुलाने उभं राहून विचारलं की चूक विभागाची असताना आम्हाला शिक्षा का. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तू त्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून काय पाहिलंस ते सांग. मार्क आत्ता देते." मुलगा खाली बसला.

शनिवारची स्लाइड काकांनी निवडली, म्हणजे खरं तर काकूंनी. पट्ट्यांच्या शर्टाची एक चिंधी बोटाला गुंडाळून त्या सहज म्हणाल्या होत्या, "उभं बघितलं तर पट्टे. टोकाकडून बघितलं तर काय दिसेल?" काकांनी मांडीचा स्नायू आडवा कापला. आडव्या कापात पट्टे दिसतच नाहीत. दिसतात नुसते गोल-चौकोनी ठोकळे, आणि प्रत्येकाच्या कडेला चिकटलेले केंद्रकांचे ठिपके. हे माहीत असणाऱ्याला उत्तर सोपं, पट्टे शोधत बसणाऱ्याला अशक्य.

त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. कुणी टेबल सोडेना. मुलं एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, स्क्रू फिरवून बघत होती. एकाने काचेचे चारही कोपरे तपासले आणि निराश होऊन मग आत पाहिलं. गोगलगायीला यायचं काही कारण नव्हतं, तरी ती रांगेत सगळ्यांत शेवटी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा काका म्हणाले, "तुझा मार्क मिळाला ना?"

"मिळाला. ही वेगळी आहे म्हणे, म्हणून आले."

ती बराच वेळ बघत राहिली. घंटा नव्हती, मागे कुणी नव्हतं. काका फडकं घेऊन शेजारचं टेबल पुसायला लागले, जे आधीच स्वच्छ होतं.

"काका, तुम्ही 'उद्या ये' म्हणाला होतात, म्हणून मी दुसऱ्या दिवशी आले होते तेव्हा तुम्ही मॅडमकडे होता."

"हो."

"तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत असं कळलं."

"मग काय, स्लाइड स्वतः चालत जाणार होती?" काका म्हणाले. मग फडकं खाली ठेवून म्हणाले, "तू बरोबर होतीस. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला कळलं होतं."

"मला माहीत आहे," ती अजूनही काचेतूनच बघत म्हणाली. "तुम्ही 'सरळ' म्हणालात आणि गप्प झालात."

त्यानंतर ती दुपारच्या सुट्टीत येऊ लागली. तिला काप काढायला शिकायचं होतं. पहिल्या दिवशी तिची रिबीन फाटली, दुसऱ्या दिवशी गोळा झाली, आणि तिसऱ्या दिवशी ती ऐन वेळी शिंकली. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी नवी वडी लावून ठेवली होती.

मॅडमनी मात्र एक नवा नियम काढला आणि तो आजही चालू आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळी टेबलं मांडून झाली की त्यांवर आधी काकांनी बसायचं. मॅडम स्वतः घंटा वाजवतात. काका टेबलामागून टेबल सरकत उत्तरं लिहितात, आणि स्लाइड्स त्यांनीच बनवलेल्या असतात हे त्या वीस मिनिटांत त्यांच्या काही कामाला येत नाही.

पहिल्या वर्षी त्यांना वीसपैकी अठरा मिळाले. काकू दारातच उभ्या होत्या.

"किती?"

"अठरा."

"दोन कुठे गेले?"

"एक घाईत गेला. दुसरा मात्र माझा बरोबर आहे. मी अपट्टकी स्नायू लिहिलं, मॅडम म्हणतात तो स्नायू नाहीच, कंडरा आहे. म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी."

"मग कोण बरोबर?"

काकांनी चप्पल काढली, हात धुतले, पाणी प्यायले आणि जेवायला बसले. काकूंनी वाढलं. दोन घास झाल्यावर ते म्हणाले, "मॅडम."